विषय: गणपतीची शिल्लक आणि कृत्रिम पाय

प्रेषक: खजिनदार

सप्रेम नमस्कार मंडळी,
यंदाचा हिशोब जुळला. हॉल, मूर्ती, महाप्रसाद जाऊन दोन हजार डॉलर उरलेत. युद्धात हातपाय गमावलेल्यांच्या कृत्रिम अवयवांसाठी ते द्यावेत, असं कार्यकारिणीत ठरलं. दोन सूचना आहेत: कोल्हापुरात एक दिवसाचं मोफत शिबिर, किंवा इथं परदेशात वापरलेले कृत्रिम पाय गोळा करून तिकडं पाठवणं. रविवारपर्यंत मत कळवा.

प्रेषक: कागलकर

खजिनदारसाहेब, एक नंबर! शिबिर दसरा चौकात घ्या, गर्दी होतीय. ढोलपथकाच्या पोरांना सांगून ठेवलंय, चार-पाच पाय लोकांच्या गराजमधनंच निघतील म्हणत्यात. बॅनर माझ्याकडं लागला.

प्रेषक: टाकळीची ताई (सध्या मुक्काम कोल्हापूर)

दादा, बॅनर छापायच्या आधी जरा थांबा. माहेरी आहे, निवांत आहे, तेव्हा लांबलचक लिहिणार.

आमचं मूळ गाव शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी. तिथं फौजी नाही असं घर शोधावं लागतं. १९७१ च्या लढाईत आमच्या अण्णांच्या पायाखाली सुरुंग फुटला, डावा पाय गुडघ्याखालून गेला. पाय बसवला पुण्यात, वानवडीच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये. हे लष्कराचं केंद्र १९४४ चं, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी निघालेलं. पैसा एक लागला नाही.

नवा पाय लावून उभ्या अण्णांचा फोटो अजून भिंतीवर आहे. मला मात्र आठवतं ते त्यानंतरचं. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो पेला. पहिल्या वर्षात तो उरलेला पाय आटत जातो आणि पेला सैल पडतो. मग एकावर एक मोजे. मे महिन्यात घामानं फोड आले की पाय आठ दिवस कोपऱ्यात उभा आणि अण्णा कुबड्यांवर. पेला अगदीच बसेना झाला की पुन्हा पुण्याची वारी. कोल्हापुरी चप्पल घालायची तर आणखी पंचाईत, रबरी पायाला अंगठाच सुटा नव्हता! चप्पल लाइनीतल्या एका कारागिरानं मागून पट्टा शिवून दिला, तेव्हा कुठं अण्णा पुन्हा अंबाबाईला चालत गेले. देवळाच्या दारात ती काढायला घालण्यापेक्षा जास्त वेळ लागायचा, ते वेगळं.

तेव्हा वापरलेले पाय गोळा करू नका. सॉकेट ज्याच्या त्याच्या मापाचं, प्लास्टरचा साचा घेऊन केलेलं असतं. दुसऱ्याची कवळी आपल्या तोंडात बसते का? खालची नळी, पाऊल उपयोगी पडू शकतं, पण महागडा कृत्रिम गुडघा बिघडला तर त्याचा सुटा भाग चंदगडात कोण आणणार?

आता शिबिर. कोल्हापुरात घेतलंत तर बहुतेक येतील ते साखरेच्या आजारानं पाय काढावा लागलेले आणि गाडीखाली आलेले. त्यांनाही पाय हवाच. पण मग बॅनरवर ‘युद्धातील जखमी’ लिहू नका, ती फसवणूक होईल. आपल्या जवानांची सोय लष्कर करतं. हाल होतात ते शेतात सुरुंगावर पाय पडलेल्या शेतकऱ्याचे आणि पोरांचे. पोराचं हाड वाढतं, त्याला सहा महिन्या-वर्षानं नवा पाय लागतो. एका दिवसाच्या शिबिरात ते कसं भागणार?

हातातलं उदाहरण जयपूर फूटचं. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी १९६८ च्या सुमारास हा रबरी पाय असा केला की माणूस मांडी घालून पंगतीला बसेल, अनवाणी चिखलात उतरेल. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो फुकट बसवते. अफगाणिस्तानातले सुरुंगाचे जखमीही त्यावर चालले. पण मला जास्त भावलं ते काबूलमधलं रेड क्रॉसचं केंद्र. अल्बर्टो कैरो नावाचे इटालियन फिजिओ १९९० पासून तिथं आहेत. त्यांनी कामाला माणसं घेतली ती पाय गमावलेलीच. साचा घेणाराच सांगतो, इथं टोचेल, मलाही टोचतं. आपल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी केली, तीही चाकाच्या खुर्चीतूनच.

प्रेषक: कागलकर

ताई, बॅनर रद्द. पण मग पैसं नेमकं घालायचं कशात? पाय बसवल्यानंतरची ‘दुरुस्ती’ म्हटलं की वर्गणी कोण देतंय राव? लोकांना पाय लावतानाचा फोटो पायजे असतोय.

प्रेषक: टाकळीची ताई

फोटो मिळेल, पण पाय नीट करून घ्यायला तिसऱ्या खेपेला आलेल्या माणसाचा. निम्मे पैसे रेड क्रॉसच्या कृत्रिम अवयवांच्या कामाला द्या, तिथं खरोखर युद्धातली माणसं येतात. निम्मे इथल्या, कोल्हापूरकडच्या माणसांसाठी: एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, दोन रात्रींचा मुक्काम, मोजे, पट्टे. पहिल्या फेरीला माणूस उसनवारी करून येतो. दुसरीला येत नाही आणि पाय माळ्यावर जातो. आमच्या गल्लीतच असे दोन आहेत.

प्रेषक: खजिनदार

ताई, पटलं. रेड क्रॉसला पाठवायचं मी बघतो. तुम्ही चंदगड आणि गडहिंग्लजहून कोल्हापूरचं एसटी भाडं विचारून कळवा, येणाऱ्याचं आणि सोबत्याचं दोन्ही. किती फेऱ्या बसतात ते मांडून रविवारी ठेवतो.