हॉरर ओपनिंग बघून वर्ग हसला, काय चुकतंय?

मीडियाचा_मुंजा:
आम्ही चौघं बीएएमएमसीच्या (मास मीडियाची पदवी) शेवटच्या वर्षाला आहोत, दोन मिनिटांचं हॉरर ओपनिंग करायचंय, अख्खी फिल्म नाही फक्त सुरुवात, आणि सोबत रिसर्चची फाइल. देवरुखजवळ मैत्रिणीच्या मावशीचं जुनं कौलारू घर आहे तिथे जाऊन मोबाईलवर शूट केलं. हडळ दाखवली, पांढरी साडी, मोकळे केस, उलटे पाय काही जमले नाहीत म्हणून गवतात लपवले. वर्गात लावलं तर हडळ दिसल्या दिसल्या मागच्या बाकावरून कोणीतरी "अगं केस विंचर की" म्हणालं आणि मग संपलंच सगळं. रिसर्च म्हणून फॉर्म पाठवलेला, "तुम्हाला कशाची भीती वाटते?", तर निम्म्यांनी "व्हायवा" (तोंडी परीक्षा) लिहिलंय. परत शूट करायला आता एकच रात्र मिळणारे, मावशी आधीच तुळस हलवली म्हणून चिडलीये. कुठून सुरुवात करू?

चहा_कटिंग:
व्हायवावरच बनवा. आपोआप घाबरतील.

बूमवाला_बंड्या:
आधी हडळीला घरी पाठव. दोन मिनिटांत भूत दाखवून टाकलंस तर पुढे बघायचं काय? "जॉज" (१९७५) चा पहिला सीन बघ, पोरगी पाण्यात ओढली जाते पण मासा दिसतच नाही, नुसतं पाणी आणि तिचे हेलकावे. त्यांचा यांत्रिक शार्क समुद्रात सारखा बंद पडायचा म्हणून बाकी फिल्ममध्येही तो कमी दाखवावा लागला, आणि झालं भलंच.

दुसरं म्हणजे आवाज. तिकडे रात्री रातकिडे कान किटेपर्यंत ओरडतात ना, ते वेगळे पाच मिनिटं रेकॉर्ड करून आण आणि सगळ्या शॉट्सखाली सलग ठेव. लोकांना ते ऐकू येणंच बंद होतं दहा सेकंदांत. मग जिथे काहीतरी बिनसलंय असं वाटायला हवं तिथे ते एकदम थांबव, बाकी काही करू नको, म्युझिक तर अजिबात नको. पण ट्रॅक पूर्ण कोरा ठेवू नको हां, नाहीतर लोक म्हणतील स्पीकर गेला. बारीकशी हवा, कौलावर एखादं पान पडल्याचा आवाज, एवढं राहू दे. आणि मोबाईलमध्ये आवाजाची लेव्हल ऑटोवर असते, शांतता झाली की तो स्वतःच आवाज चढवतो आणि नुसती खरखर येते, म्हणून मॅन्युअल करता येणारं अ‍ॅप वापर.

गडग्यावरचा_गण्या:
अरे कोकणात जाऊन हडळच सापडली होय तुम्हाला! चकवा घ्या की. आमची आजी सांगायची, चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या जागेभोवती फिरत राहतो, वाट ओळखीची असली तरी घर काही येत नाही, मग गुमान खाली बसायचं आणि उजाडायची वाट बघायची. याला ना मेकअप लागत ना साडी. एक माणूस, हातात बॅटरी, बाजूला गडगा, म्हणजे जांभ्या दगडाची बुटकी भिंत. गडग्यावर एक चप्पल पडलेली. तो बघतो, पुढे जातो. परत तोच गडगा, तीच चप्पल. तिसऱ्यांदा येतो तेव्हा बॅटरी खाली आपल्या पायांवर मारतो तर एका पायात चप्पल नाही. कट. टायटल.

फोकसवाली_ताई:
गण्या, हे वाचताना माझ्याच अंगावर काटा आला.

मुंजा, हे करणार असशील तर तिन्ही वेळेला कॅमेरा अगदी त्याच जागी, त्याच उंचीला हवा, जमिनीवर खडूने खूण कर, नाहीतर तोच गडगा आहे हे कळणारच नाही. आणि काळ्याकुट्ट रात्री मोबाईलने नको, नुसते दाणे येतात. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं आभाळ निळं असतं तेव्हा एक्स्पोजर (चित्राचा उजेड) खाली ओढून लॉक कर, ती रात्रच वाटते. त्यामुळे तालीम दुपारीच उरकून घ्या, संध्याकाळी फक्त टेक. अंगणातल्या ट्यूबच्या उजेडात काही घेणार असशील तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेव, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, नाहीतर पट्टे फिरतात.

फाइलसाठी फॉर्म सोड. एखादं ओपनिंग घे आणि घड्याळ लावून शॉट मोज. "हॅलोविन" (१९७८) ची सुरुवात घे, चारेक मिनिटं सगळं मारणाऱ्याच्या डोळ्यांनी दिसतं, एकच शॉट वाटतो पण मधे कट लपवलेत. ते कुठे लपवलेत हे शोधून लिहिलंत तर तुमचे सर दुसरं काही विचारणार नाहीत.

मीडियाचा_मुंजा:
लोकहो दंडवत. चकवाच करतोय, शनिवारी निघतोय. फक्त घराखालच्या रस्त्याने संध्याकाळी एसटी जाते आणि नेमकी त्या वीस मिनिटांतच वळणावर हॉर्न मारते, तेव्हा आवाज सगळा नंतरच लावू. चप्पल मावशीच देणारे. अट एकच, गडग्यावर ठेवून विसरून यायचं नाही, आणि रात्री आणायला ती स्वतः येणार नाही.

चहा_कटिंग:
मावशीलाच घ्या रे फिल्ममध्ये.