मदत हवी आहे : ४१ वर्षांच्या भावाचं पालकत्व, बँक आणि पुढची सोय

नमस्कार मंडळी,

माझा मोठा भाऊ ४१ वर्षांचा आहे. डाउन सिंड्रोम. सातारा जिल्ह्यात गावी वडिलांबरोबर राहतो. आई गेल्यापासून घरात दोघंच. आण्णा जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, वय ७८, आणि आता गुडघ्यांनी असहकार पुकारलाय. मी पुण्यात, नोकरी आणि दोन शाळकरी मुलं.

दादाचं बरंचसं त्याचं तो करतो. पाणी काढून दिलं की आंघोळ करतो, कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा सुबक घालतो, कोपऱ्यावरून दूध आणतो. पैशांत त्याला दहाची नोट तेवढी कळते, त्यामुळे दुकानदार महिन्याचा हिशोब आण्णांशीच करतो. दाढी आणि नखं मात्र आण्णांनीच काढायची. मी नेलकटर घेऊन बसले की मूठ आवळून हात पाठीमागे. आण्णांना आता जवळचं नीट दिसत नाही, तरी दर रविवारी ओट्यावर हा कार्यक्रम होतो आणि मला बघवत नाही.

तर प्रश्न असे. आईची ठेव दादाच्या खात्यात घ्यायचीय. बँक म्हणते कोर्टाकडून पालक नेमून आणा. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडूनही पालकत्व मिळतं असं वाचलं, पण शाखेतल्या साहेबांनी ते उडवून लावलं. खरं काय?

दुसरं, हल्ली तो विसरतो. दूध आणायला जातो आणि दुकानासमोर नुसता उभा राहतो. संध्याकाळी चिडतो. नातेवाईक म्हणतात, आई गेल्याचं मनाला लागलंय. असेलही. पण डॉक्टर कुठला गाठू?

तिसरं म्हणजे 'आण्णांनंतर काय'. मामा-काका सगळे 'संस्थेत टाका' म्हणतात. टाका! जुनं कपाट आहे का तो? कुणी घरीच सोय लावली असेल तर कशी, ते सांगा.

प्रतिसाद

ताई, मुलीसाठी यातून गेलोय. साहेबांचं चुकतंय. डाउन सिंड्रोमच्या व्यक्तीला बौद्धिक अक्षमतेचा दाखला असतो आणि ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात बसते. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. त्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. फॉर्म ए भरायचा. या समितीचं प्रमाणपत्र ग्राह्य धरा, असं रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच बँकांना कळवलंय. त्या परिपत्रकाची प्रत घेऊन जा आणि नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की निम्मी कामं होतात.

पालक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशोब. आण्णांच्या वयाकडे बघता अर्ज तुमच्या नावाने करता येतो का, ते आधी विचारा. आणि आण्णांच्या पेन्शनच्या कागदांवर दादाचं नाव आत्ताच लावून घ्या. अशा मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण माणूस गेल्यावर दाखले गोळा करायचे म्हणजे फार हाल. राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमाही काढा, वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण असतं, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

प्रतिसाद

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, निदान करणार नाही. पण विसरण्याला फक्त दुःख म्हणून सोडू नका आणि लगेच डिमेन्शियाही (स्मृतिभ्रंश) म्हणू नका. डाउनमध्ये चाळिशीनंतर अल्झायमरचा धोका खरंच जास्त असतो. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर असतं आणि यांच्याकडे ते गुणसूत्र दोनाऐवजी तीन. मात्र थायरॉइड बिघडला, ऐकू कमी आलं, मोतीबिंदू झाला, झोपेत श्वास अडकत असला, तरी चित्र असंच दिसतं. आधी फिजिशियनकडे टीएसएच (थायरॉइडची रक्त तपासणी) आणि बी१२, मग कान-डोळे, मग न्यूरोलॉजिस्ट. जाताना लिहून न्या : गेल्या वर्षी काय येत होतं, आता काय येत नाही. घोरतो का, तेही.

नखांचं म्हणाल तर हात धरू नका. आण्णांच्या शेजारी बसून तुम्ही नुसती नखं घासायची फाइल फिरवा, कापणं आण्णांकडेच. काही रविवारांनी एक बोट तुमच्याकडे. आंघोळीनंतर नखं मऊ असतात, तेव्हा बघा.

प्रतिसाद

घरी सोय लावायची तर आण्णा असतानाच दुसऱ्या माणसाची सवय लावा. आम्ही गावातल्या एका मावशींना आधी रोज फक्त चहाच्या वेळेला बोलावलं. मग जेवण, मग एखादी रात्र. संस्था बघायचीच तर आधी थोड्या दिवसांच्या मुक्कामाचं विचारा. राष्ट्रीय न्यासाच्या समर्थ योजनेत (आता समर्थ-घरौंदा) तशी सोय तुमच्या भागात कुठे आहे का, ते समितीकडेच कळेल. आणि दादाला विचारलंत का त्याला कुठे राहायचंय?

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. विचारलं. "पुण्यात नको, गाड्या फार," म्हणाला. म्हणजे माणूस गावातच शोधायचा. टीएसएच या आठवड्यात करून घेते. एकच राहिलं : दादाचा दाखला जुना, कागदी आहे. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढताना सिव्हिलला त्याला पुन्हा न्यावं लागतं का? रांगेत तो फार बिथरतो.