मदत हवी आहे: कार्बन स्टीलच्या सुरीची मूठ बदलावी का?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे कार्बन स्टीलची जुनी सुरी आहे. पात्यावर निळसर-करडी झाक धरली आहे, ती मला आवडते आणि गंजही थोपवते. पण पातं लाकडी मुठीत शिरतं तिथे नारिंगी गंज दिसतोय, बोट फिरवलं की खरखरीत लागतं. आत किती पसरलाय ते बाहेरून कळत नाही. मूठ न काढता तो साफ होतो का, की रिव्हेट काढून नवीन मूठच बसवावी? सुरी टाकून द्यायची माझी अजिबात इच्छा नाही.

धार १००० ग्रिटच्या (म्हणजे मध्यम बारीक दाण्याच्या) दगडावर, साधारण १५ अंशांच्या कोनात लावते. येते सुरेख, पण लवकर वळते. कोन २० पर्यंत वाढवू का? ओढून धार लावायचं यंत्र नको, ते पातं फार खातं.

शिवाय नॉनस्टिक तव्याचा थर सुटायला लागलाय. असा तवा मी कुणाला देणार नाही, भंगारातच घालेन. त्याच्याऐवजी बिडाचा घ्यायचाय. काचेच्या शेगडीवर डुगडुगायला नको, तर विकत घेताना तळ सपाट आहे हे तुम्ही कसं तपासता?