‘विच’ला चेटकीण म्हणावं का?

तुराटी: टेरी प्रॅचेटची डिस्कवर्ल्ड ही जादूच्या जगातली इंग्रजी मालिका (१९८३ ते २०१५, कादंबऱ्या ४१) भाचीला रोज रात्री थोडीथोडी मराठीत सांगतोय. त्यातली म्हातारी विच, ग्रॅनी वेदरवॅक्स, आली नि अडलो. ‘विच’ला चेटकीण म्हणालो, तर ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या आजीचा हात थांबला. ‘त्या शब्दापायी बाया मारल्या लोकायनं. घरात नोको बोलू.’ आता ही ग्रॅनी बाळंतपणं करते, दुखणी बरी करते, मंत्रापेक्षा माणसाच्या डोक्यातूनच काम काढून घेते. सुईण म्हणू? जाणती?

मोहफूल: आजी बरोबर आहे. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही झाला. मेळघाटात कोरकूंचा भुमका असतो, झाडपाला देतो, त्याला मान असतो. पण तो पडला गडी.

पोथीनिष्ठ: चेटकीणच. संस्कृत चेटी म्हणजे दासी. भुतं राबवते ती चेटकीण.

ठेचा: दासी चेटी, अन् राबतात भुतं? तुमची व्युत्पत्ती उलटी झाली राजेहो.

शेवरी: ते सोडा, पाटीचं काय करणार? ग्रॅनी जनावराच्या मनात शिरते तेव्हा देह मढ्यासारखा पडून असतो. कुणी पुरू नये म्हणून हातात पाटी, की बाई मेलेली नाही. तीही अशुद्ध लिहिलेली! मला ग्रॅनी आवडते ती या पाटीमुळे. ‘म्या मेली नाई’ करा.

ठेचा: म्हणजे वऱ्हाडी अशुद्ध? माह्या मायनं जन्मभर ‘म्या’ म्हटलं. चूकच दाखवायची तर ऱ्हस्व-दीर्घात दाखवा: ‘मि मेलि नाहि’.

पोथीनिष्ठ: अर्ध्या वाचकांना ती पाटी बरोबरच वाटेल.

शेवरी: हिणवलं नाही हो. ग्रॅनी लँकरच्या डोंगरातली बाई. तिच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली तर पहिल्याच पानावर मरेल.

मोहफूल: बोलू द्या वऱ्हाडी, लिहू द्या चुकीचं. दोन्ही वेगळं. माझं आवडतं पात्र म्हणजे मृत्यू. तो सगळं कॅपिटलमध्ये बोलतो, देवनागरीत ती आणायची कुठून? ठळक टाइप लावा. फक्त यम म्हणू नका, त्याला रेडा लागतो. याचा पांढरा घोडा आहे, नाव बिंकी.

ठेचा: बिंकी नाव घोड्याचं असते का?

तुराटी: विचचं राहूनच गेलं. आजीला पाटीची गंमत सांगितली. म्हणे, ‘निजली असन तं गोधडी टाक न तिच्यावर. पाटी कायले?’