लँडिंगच्या तोंडावर विमान एकदम कलंडलं, हवा तर शांत होती. असं का होतं?

खिडकीचीजागा:
गेल्या आठवड्यात मी आणि आई विमानाने येत होतो, नेहमीचं मधल्या आकाराचं जेट. आकाश स्वच्छ, वारा जवळजवळ नाहीच, खालची झाडं वेगवेगळी ओळखू येतील इतके खाली आलो होतो आणि अचानक उजवा पंख खाली गेला. हेलकावा वगैरे नाही, कोणीतरी धरून पिळल्यासारखं वाटलं. दोनेक सेकंदात सरळ झालं आणि लगेच इंजिनांचा आवाज वाढून आम्ही परत वर. कॅप्टनने नंतर सांगितलं की पुढच्या मोठ्या विमानाचा वेक टर्ब्युलन्स, म्हणजे त्याने मागे सोडलेली खवळलेली हवा, लागली म्हणून गो-अराउंड केला, म्हणजे उतरणं सोडून परत वर गेलो. दुसऱ्यांदा नीट उतरलो पण आई तेव्हापासून परत विमानात बसणार नाही म्हणतेय. मला कळत नाहीये की पुढच्या विमानाच्या इंजिनाची हवा एवढ्या मागे येते कशी? आणि खरा धोका किती असतो? मला बरं वाटावं म्हणून सांगू नका, जे आहे ते सांगा.

टॉवरवाला:
बरीच वर्षं एटीसीत, म्हणजे विमानांच्या वाहतूक नियंत्रणात, काढलीयेत म्हणून लिहितो. पहिली गोष्ट, ही इंजिनाची हवा नाही, पंखांची आहे. उडताना पंखाखाली दाब जास्त, वर कमी, त्यामुळे टोकाशी खालची हवा बाहेरून वळसा घेऊन वर जाते आणि विमानामागे दोन भोवरे सुटतात, एकमेकांच्या उलट फिरणारे. विमान जितकं जड आणि जितकं सावकाश तितके ते जोरदार, आणि लँडिंगला तर सगळेच सावकाश असतात. हे भोवरे मिनिटाला साधारण 300 ते 500 फूट खाली बसत जातात, त्यामुळे मागचा त्याच उताराने आला तर बहुतेक वेळा ते त्याच्या खालूनच निघून जातात.

गडबड होते ती जमिनीजवळ. तिथे खाली जायला जागाच नसते म्हणून दोन्ही भोवरे दोन बाजूंना सरकायला लागतात, अगदी हळू, 2-3 नॉटने, म्हणजे ताशी साधारण 4-5 किलोमीटरने. आता बाजूने तेवढाच हलका वारा असेल तर ज्या बाजूने वारा येतोय तिकडचा भोवरा बाहेर जाऊच शकत नाही, रनवेच्या तोंडावर तसाच घुटमळतो. जोराचा वारा असता तर कधीच उडून किंवा मोडून गेला असता. लोकांना शांत हवा म्हणजे चांगली हवा वाटते, या बाबतीत नेमकं उलट आहे आणि हे मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं.

बाय द वे, उजवा पंख खाली गेला म्हणजे बहुतेक पुढच्याच्या डाव्या पंखाचा भोवरा तुम्हाला लागला. मागून बघितलं तर तो घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. वारा डावीकडून होता का आठवतंय?

डावीसीट:
मी एअरलाइनमध्ये उडवतो. टॉवरवाला यांनी नीट सांगितलंय, अंतराचं मी सांगतो. 136 टनांच्या वरचं विमान हेवी धरतात आणि त्याच्यामागे तुमच्यासारखं मीडियम असेल तर रडारवर जुना नेहमीचा नियम 5 नॉटिकल मैलांचा, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. ए-380 सारखं महाकाय विमान असेल तर 7. अप्रोचचा वेग 140 नॉट धरला तर 5 मैल म्हणजे दोन मिनिटांच्या थोडं वर. तेवढ्यात भोवरा बहुतेक विरलेला असतो, पण हवा अगदी स्थिर असेल तर नसतोही.

धोक्याचं खरं सांगायचं तर उंचावर हा एक धक्का असतो, सावरायला वेळ मिळतो. 200 फुटांच्या खाली तसा मिळत नाही, म्हणून तिथे विमान सरळ करून लगेच वर जायचं, उतरण्याचा हट्ट धरायचा नाही. तुमच्या कॅप्टनने तेच केलं. आणि रडरवर, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या पेडलवर, पाय आपटायचे नाहीत, 2001 मध्ये न्यूयॉर्कहून उडालेल्या एअरबस ए-300 चं शेपूट असंच तुटलं होतं, भोवरा छोटाच होता, रडर खूप जोरात इकडून तिकडे मारलं गेलं.

जुनाटफाइल्स:
यात माणसं गेलीयेत हेही लिहायला हवं. 30 मे 1972, फोर्ट वर्थ, ट्रेनिंगवरचं डीसी-9 विमान त्याहून बऱ्याच मोठ्या डीसी-10 च्या मागून उतरत होतं, रनवेवरच कलंडलं, चौघंही गेले. त्यानंतर मोठ्या विमानांमागचं अंतर वाढवलं. 1993 ला कॅलिफोर्नियात सांता आना इथे बोइंग 757 च्या मागे आलेलं छोटं बिझनेस जेट पडलं, पाच जण गेले, मग 757 वजनाने हेवीत बसत नसूनही त्याच्या मागे जास्त अंतर ठेवायला लागले. 2008 ला मेक्सिको सिटीत बोइंग 767 च्या मागे आलेलं लियरजेट हे छोटं जेट पडलं, त्यात मेक्सिकोचे गृहमंत्री गेले. छोट्या जेटचा अख्खा पंख भोवऱ्यात मावतो म्हणून ते सगळ्यात जास्त सापडतात, एअरलायनरला सावरायला बरीच ताकद असते.

खिडकीचीजागा:
सगळ्यांचे मनापासून आभार, आईला आत्ताच सगळं वाचून दाखवलं. वाऱ्याचं विचारलंत ना, मी डावीकडच्या खिडकीत होतो आणि दुसऱ्या वेळी उतरताना विंडसॉक, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे तोंड करणारी कापडी पिशवी, दिसला होता, जेमतेम हलत होता, आणि त्याचं तोंड आमच्याकडे नव्हतं, डाव्या बाजूला होतं. आईने विचारलंय की पहिल्या वेळी कॅप्टनने तसंच पुढे उतरवलं असतं तर?

डावीसीट:
आईंना सांगा, कदाचित काहीच झालं नसतं. पण त्या उंचीवर पुढच्या सेकंदाला भोवरा परत लागेल की नाही हे कॉकपिटमधून दिसत नाही, म्हणून मीही वरच गेलो असतो.