देव समोर येऊन बोलतो, तरी नास्तिक राहता येतं का? (ड्वेमर लोकांबद्दल)

तळघर

दिवाळीच्या सुट्टीत मॉरोविंड परत लावला. २००२ चा गेम, चेहरे आता लाकडी वाटतात, पण त्यातल्या लोकांच्या श्रद्धा जेवढ्या खोल आहेत तेवढ्या मला नंतर कुठल्या गेममधे सापडल्या नाहीत आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या जगात डेड्रा नावाचे देव आहेत आणि ते खरंच आहेत. मूर्तीसमोर उभं राहिलं की अझुरा बोलते, काम सांगते, वर देते, शाप पण देते. तिथले चायमर लोक अझुरा, बोएथिया, मेफाला यांना भजायचे. त्यांच्या शेजारीच ड्वेमर राहायचे, जमिनीखाली पितळी शहरं बांधणारे, वाफेवरची यंत्रं चालवणारे, आणि हे लोक कुठल्याच डेड्राला हात जोडत नव्हते. गेममधे एक गोष्ट वाचायला मिळते, एक म्हातारा ड्वेमर अझुराला बोलावतो आणि विचारतो या बंद पेटीत काय आहे, ती म्हणते लाल पाकळ्यांचं फूल, तो पेटी उघडून दाखवतो तर रिकामी.

माझं म्हणणं असं की कल्पनेतल्या जगांमधले हे सगळ्यात प्रामाणिक नास्तिक आहेत. देव दिसत नाही म्हणून नाकारणं सोपं आहे हो. इथे देव दिसतोय, बोलतोय, आणि हे म्हणतात असशील, म्हणून तू म्हणशील ते खरं कसं?

आणि यासाठी आपल्याकडचा जुना शब्द अगदी चपखल बसतो. दर्शनांमधे नास्तिक म्हणजे देव न मानणारा असं नव्हतंच, वेदांना प्रमाण न मानणारा तो नास्तिक. सांख्यात ईश्वर नाही, पूर्वमीमांसेत जगाचा कर्ता कोणी नाही, तरी दोन्ही आस्तिक. उलट जैन ग्रंथात तीर्थंकराच्या जन्माला इंद्र येऊन अभिषेक करतो, म्हणजे देव आहेतच, पण मोक्ष त्यांच्या हातात नाही, आणि ते दर्शन नास्तिक. ड्वेमर बरोबर तिथे बसतात.

रात्रपाळी

सॉरी पण हा शब्दांचा खेळ झाला. दर्शनांमधला अर्थ पुस्तकात राहिला, आज गावातल्या चौकात कोणी मी नास्तिक आहे म्हणालं तर समोरचा एकच समजतो, हा देव मानत नाही, देव नाहीच म्हणतो. ड्वेमर असं म्हणतच नाहीत. त्यांना बंडखोर म्हणा, देवद्रोही म्हणा.

आणि तुम्ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गाळलीत. रेड माउंटन या ज्वालामुखीखाली त्यांना लोरखानचं हृदय सापडलं, मेलेल्या देवाचं हृदय, आणि त्यांचा मुख्य कारागीर कॅग्रेनॅक याने त्यावर चालणारा न्यूमिडियम बांधायला घेतला, म्हणजे पितळेचा देव! जो माणूस देवत्व मानत नाही तो देव बांधायला का बसेल? त्यांचा देवत्वावर एवढा विश्वास होता की ते त्यांना स्वतःला हवं होतं. तुमच्या उदाहरणातला जैन साधू इंद्राची खुर्ची मागत नाही, तो त्या खुर्चीकडे पाठ फिरवतो. फरक केवढा आहे बघा.

तळघर

गाळलं नाही, त्यावर येणारच होतो. हृदय हे चायमरांसाठी देवाचा अवयव होतं म्हणून त्यांना तो विटाळ वाटला आणि युद्ध झालं. ड्वेमरांसाठी ते ऊर्जेचं साधन होतं. धरणावर पूजा करणारा आणि त्याच धरणावर टर्बाइन बसवणारा, पाणी एकच आहे ना.

रात्रपाळी

टर्बाइनवाला टर्बाइनला देव म्हणत नाही. इथे म्हणतात.

कातळ

मला शब्दाच्या वादात रस नाही, मला दुसरं खुपतं. ड्वेमर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर विवेकी, विज्ञानवादी, कोणापुढे न वाकणारी जमात येते आणि धाग्याचा सूरही तोच आहे. याच मालिकेतला नंतरचा गेम स्कायरिम खेळलात ना? हिम एल्फ नॉर्ड लोकांपासून जीव वाचवून ड्वेमरांच्या दारात आले, आसरा मागितला. ड्वेमरांनी आसरा दिला पण अट घातली, विषारी बुरशी खायची. डोळे गेले. मग पिढ्यान् पिढ्या गुलाम. आज फाल्मर म्हणून अंधारात जे सरपटत अंगावर येतात ते त्यांचेच वंशज.

मी पहिल्यांदा हे कळल्यावर गेम बंद करून बसलो होतो. तोवर किती फाल्मर मारले होते मीच. आसऱ्याला आलेल्याचे डोळे काढणारी जमात देवाला वाकत नव्हती याचं मला काडीचं कौतुक नाही.

तळघर

कातळ, हे मान्य आहे, शंभर टक्के. पण याचा संबंध देव न मानण्याशी कसा लावता? देव मानणाऱ्या डनमरांनी (म्हणजे चायमरांचंच पुढचं रूप) पण खजीत आणि आर्गोनियन जमातींची माणसं गुलाम म्हणून राबवलीच ना. मॉरोविंडमधे गुलामगिरी कायदेशीर आहे, सुरनच्या बाजारात माणसं विकायला ठेवलीत, आणि मंदिराने, म्हणजे डनमरांच्या धर्मसंस्थेने, ती बंद केली नाही. देव जिवंत होते, समोर होते.

कातळ

मी कुठे म्हणालो देव मानल्याने माणूस चांगला होतो. मी एवढंच म्हणतोय की न मानल्यानेही होत नाही, त्यामुळे "सगळ्यात प्रामाणिक" हे विशेषण मागे घ्या.

शेवंती

सगळे ड्वेमरांवरच बोलताय, डनमरांच्या बाजूने कोणीच नाही म्हणून लिहिते.

डनमरांचा धर्म म्हणजे फक्त डेड्रा नाही. मुळाशी पूर्वज आहेत. प्रत्येक घराण्याची समाधी, त्यात राख, अस्थी, आणि तिथे राखण करणारे आत्मे. रेड माउंटनमधून जी रोगराई बाहेर येते ती अडवणारं घोस्टफेन्स नावाचं कुंपण आहे ना, ते पूर्वजांच्या अस्थींच्या बळावर उभं आहे. म्हणजे मेलेली माणसं जिवंत माणसांना सांभाळतायत, अगदी शब्दशः. मला हे वाचून रडू आलं होतं, वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि पितृपक्षात पान ठेवून कावळ्याची वाट बघत आम्ही सगळे गच्चीत उभे होतो ते आठवलं.

गेममधे त्या समाध्यांमधून अस्थींची पूड उचलता येते, औषधं बनवायला लागते, विकता पण येते. सगळे उचलतात. मी आजपर्यंत एकदाही उचलली नाही. ते पूर्वज माझे नाहीत, ते खरे पण नाहीत हे मला माहितीये, तरी हात होत नाही. ड्वेमर म्हणेल हाड म्हणजे चुना. मग मला ड्वेमर व्हायचं नाहीये एवढंच.

रात्रपाळी

शेवंती, फार मनापासून लिहिलंय. पण पूर्वज आणि ते तीन जिवंत देव यात फरक करायला हवा. विवेक, अल्मालेक्सिया, सोथा सिल हे तिघे माणसांसारखेच जन्मले आणि देव कसे झाले? त्याच हृदयावर, त्याच कॅग्रेनॅकची हत्यारं वापरून! ज्या गोष्टीला विटाळ म्हणून ड्वेमरांशी लढाई केली तीच स्वतः केली, आणि मंदिराने ते लपवलं. जे पुजारी हे बोलले त्यांना पाखंडी ठरवून त्यांच्यामागे माणसं लावली. (विवेक हे त्या देवाचं नाव आहे, आपला शब्द नाही, नवीन वाचणाऱ्यांचा गोंधळ नको.)

त्या विवेकच्या शहरावर एक प्रचंड दगड अधांतरी थांबवलाय, त्याच्या शक्तीने. लोक त्याच्या खाली राहतात, बाजार भरतो, आणि दगडाच्या आत तुरुंग, पाखंड्यांसाठी. श्रद्धा ठेवा नाहीतर डोक्यावर दगड आहे. पुढे विवेक नाहीसा झाल्यावर तो पडलाच, चौथ्या युगाच्या ५ व्या वर्षी, शहर गेलं आणि रेड माउंटन फुटला.

शेवंती

हो, मंदिराची बाजू मी घेतच नाहीये. मंदिर वेगळं, घरातली समाधी वेगळी. तो दगड पडला, देव गेले, पण डनमर पूर्वजांना विसरले नाहीत.

मधला बाक

खरी नास्तिकता बघायची असेल तर त्या जगावर राज्य करणाऱ्या साम्राज्याच्या देवांकडे बघा असं मला वाटतं. ते डेड्रासारखे येऊन बोलत नाहीत, लांब आहेत, म्हणून तिथे शंका घ्यायला जागा आहे. त्यातला टॅलोस तर आधी माणूस होता, राजा, मेल्यावर देव मानला गेला. मग चौथ्या युगात १७५ साली तहात त्याची पूजाच बंद केली आणि त्यावरून स्कायरिममधे यादवी पेटली. तो देव आहे का नाही हे एका तहाच्या कागदावर ठरवलं. तरीही गेममधे टॅलोसच्या देवळीला हात लावला की आशीर्वाद मिळतो! मग नाही म्हणणारा चूक का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

रात्रपाळी

आता ड्वेमरांच्या शेवटाबद्दल कोणी बोलणार आहे का? पहिल्या युगात, ७०० साली, रेड माउंटनच्या लढाईत सगळी जमात एका क्षणात नाहीशी. लढणारे, घरी बसलेले, पोरंबाळं, सगळे. मंदिर म्हणतं ही देवद्रोहाची शिक्षा. मी मंदिराचा माणूस नाही पण देवत्वाला हात घातला आणि संपले, हे तरी नाकारू नका.

तळघर

नाकारतो. शिक्षा द्यायला कोणीतरी लागतो, आणि गेम तो कोणी दाखवतच नाही. स्कायरिममधे विंटरहोल्डच्या जादू-विद्यालयातला आर्निएल गेन कॅग्रेनॅकचा हृदयावरचा प्रयोगच छोट्या प्रमाणात करतो, कीनिंग नावाच्या त्याच्याच हत्याराने, आणि डोळ्यादेखत नाहीसा होतो. त्याने कुठल्या देवाचा अपमान केला होता? यंत्र चुकीचं वापरलं की अपघात होतो. बॉयलर फुटला तर त्यात देवाचा कोप कोणी शोधत नाही, निदान शोधू नये.

कातळ यांचं म्हणणं मात्र दोन दिवस डोक्यात फिरतंय. "सगळ्यात प्रामाणिक" मागे घेतो. जे अझुराला म्हणाले तू सांगतेस म्हणून खरं नाही, तेच हिम एल्फांना म्हणाले आम्ही सांगतो म्हणून खा. पहिलं वाक्य मला आजही आवडतं, दुसऱ्याची लाज वाटते. नास्तिक हा शब्द मात्र सोडत नाही, रात्रपाळी.

रात्रपाळी

नका सोडू, मी पण देवद्रोही सोडत नाही. एक विचारतो. टेल फिर नावाच्या मांत्रिकाच्या मनोऱ्याच्या तळघरात तो शेवटचा ड्वेमर भेटतो ना, यागरम बागार्न, त्या क्षणी दुसऱ्या लोकात होता म्हणून वाचलेला, कॉर्प्रस या रोगाने अंग सुजलेलं, यांत्रिक कोळ्याच्या पायांवर बसलेला. कॅग्रेनॅकच्याच हाताखालचा कारागीर. तो काय म्हणतो, शिक्षा का अपघात?

तळघर

म्हणतो मला माहीत नाही. आपली माणसं शोधत वर्षानुवर्षं फिरला, कोणी सापडलं नाही, मग आजार झाला आणि तिथे येऊन पडला.

शेवंती

सगळी जमात गेली आणि त्यांच्यासाठी राख ठेवायला एक समाधी पण नाही. मी पुढच्या वेळी खेळेन तेव्हा त्याला भेटायला जाईन.