मदत हवी आहे: टॉवेल कारखान्याचा बहुस्तरीय बीओएम डेटाबेसमध्ये कसा मांडावा?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्यासाठी स्टॉक आणि उत्पादनाचं सॉफ्टवेअर लिहितोय. डेटाबेस मायएसक्यूएल ८. गाडी बीओएमपाशी, म्हणजे कुठल्या मालाला कुठले घटक किती लागतात त्या यादीपाशी, अडली आहे.

माल असा: गिफ्ट सेटमध्ये बाथ टॉवेल, नॅपकिन आणि खोका. टॉवेलात तळाचा ताणा, पाइलचा (टॉवेलावरच्या फासांचा) ताणा आणि बाणा. पाइलचं सूत रंगवलेलं, त्यामुळे त्याच्याखाली पुन्हा कोरं सूत, रंग, मीठ, सोडा. एक्सेलमध्ये पातळी १, पातळी २ असे रकाने आहेत. ते तसेच उचलायचे नाहीत, कारण तेच लाल सूत सेटमध्ये तिसऱ्या पातळीवर येतं आणि सुट्या टॉवेलात दुसऱ्या.

म्हणून दोनच टेबलं ठेवली आहेत: ‘वस्तू’ आणि ‘रचना’. रचनेत पालक, घटक, प्रमाण, एकक, घट टक्के (किती माल वाया जातो). रिकर्सिव्ह सीटीईने (स्वतःचाच निकाल घेऊन पुन्हा पुन्हा चालणाऱ्या क्वेरीने) वरून खाली उतरता येतं, आणि ‘हे सूत कशाकशात लागतं’ हेही उलटं चढून निघतं. इथवर समाधानी आहे.

अडचण पुढे आहे. शेड (रंगछटा) चुकलेला लॉट इथे टाकून देत नाहीत, काळा रंगवतात. म्हणजे काळ्या सुताचा घटक लाल सूत. काळाच नीट बसला नाही तर तो पुन्हा काळा, म्हणजे काळ्याचा घटक काळाच! क्वेरी १००० फेऱ्यांनंतर एरर देऊन थांबते. हे कसं मांडायचं? शिवाय विणाई आणि रंगाई दोन्हीकडच्या घटीची बेरीज करायची का? क्लोजर टेबलची (प्रत्येक वस्तूखालचे सगळ्या पातळ्यांचे घटक आधीच नोंदवून ठेवणाऱ्या टेबलाची) गरज आहे का? आधी कुणी सूतधंद्यात हे केलं असेल तर फार मदत होईल.

प्रतिसाद:

तुमची दोन टेबलं योग्य आहेत. चार-पाच पातळ्यांसाठी क्लोजर टेबल नको, प्रत्येक बदलाला ते सांभाळत बसावं लागेल.

पुन्हा रंगवणं बीओएममध्ये घालूच नका. बीओएम म्हणजे माल नेहमी कसा बनतो ते. चुकलेला लॉट हा एकदाच घडलेला प्रकार, त्याची नोंद उत्पादन ऑर्डरमध्ये घ्या: लाल लॉट खर्ची, काळा लॉट जमा. तरीही सीटीईत आतापर्यंतच्या कोडची साखळी एका रकान्यात जोडत न्या आणि पुढचा कोड त्यात आधीच असेल तर तिथे थांबा. त्याहून बरं म्हणजे नवी ओळ जतन करतानाच हे तपासा.

घटीची बेरीज नको, पायरीपायरीने भागा. १०० टॉवेलांना ३० किलो पाइल सूत, विणाईत ४ टक्के आणि रंगाईत ५ टक्के घट धरली तर ३० ÷ ०.९६ ÷ ०.९५, म्हणजे सुमारे ३२.९ किलो कोरं सूत. नुसते ९ टक्के वाढवलेत तर ३२.७ येतील. मोठ्या ऑर्डरीत हा फरक पोत्यांत जातो.

आणखी एक. तळाचा ताणा आणि बाणा एकाच काउंटचे (जाडीचे) असले तर एका टॉवेलाखाली तेच सूत दोनदा येईल. तेव्हा पालक आणि घटक एवढ्यावरच प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) बांधू नका, ‘वापर’ असा रकाना त्यात घ्या.

प्रश्नकर्ता:

मनापासून आभार! उत्पादन ऑर्डरचं पटलं. ‘वापर’ रकाना आजच घालतो, कारण नॅपकिनमध्ये नेमकं तेच आहे. रंगाचं प्रमाण मात्र सुताच्या वजनाच्या टक्क्यांत आहे. ते किलोत बदलून ठेवावं, की टक्केच ठेवून क्वेरीत गुणावं?

प्रतिसाद:

टक्केच ठेवा. डाईंग मास्तर शेडची रेसिपी टक्क्यांतच देतो, त्याला पडताळता आली पाहिजे. फक्त गुणताना रंगाईला जाणाऱ्या कोऱ्या सुताचं वजन घ्या, तयार सुताचं नको.